गप्प बसलेला मजला

आमच्या मजल्यावर दिवसा दार लावून घेतलं की त्याचे दोनच अर्थ होतात. एक तर घरात कुणी आजारी आहे, नाहीतर कुणाशी तरी वाजलंय. त्यामुळे ओवीच्या सरावासाठी मी पहिल्यांदा दार लावलं, तेव्हा शेजारच्या वासंतीकाकू लगेच कडी वाजवत आल्या.

"माया, काय झालं गं? सासूशी काही झालं का?"

"नाही हो काकू. ओवीचं ते बोलण्याचं अ‍ॅप चालू आहे. त्याला बाहेरचा आवाज चालत नाही."

"मग सांगायचं ना आधी! दार कशाला लावतेस, उकडून मरेल पोर. आम्ही बसतो गप."

आणि खरंच बसले.

ओवी माझी मुलगी, सात वर्षांची, दुसरीत. ती 'क'च्या जागी 'त' म्हणते आणि 'ग'च्या जागी 'द'. काकूला तातू, गाडीला दाडी. तीन वर्षांची होती तेव्हा अख्खी चाळ तिला मुद्दाम बोलायला लावायची. "ओवे, खिडकीत काय बसलंय गं?" "तावळा!" मग सगळे हसायचे, मीही हसायचे. चौथ्या वर्षी मुलांचे डॉक्टर म्हणाले, थांबा, सुटेल. पाचव्या वर्षी सासूबाईंनी वेखंड उगाळून तिच्या जिभेला चोळायला सुरुवात केली. ती थुंकायची, रडायची. सहाव्या वर्षी कान तपासून झाले, अगदी नीट आहेत म्हणाले. जिभेखालची शीरही बघितली, तीही मोकळी. मग सातवं लागलं, आणि शाळेतली मुलं काही डॉक्टरांसारखी थांबणार नव्हती. एके दिवशी ओवीने विचारलं, "मम्मी, मी बाळासारखी बोलते ता?" त्या 'ता'नंतर मी थांबायचं सोडलं.

दादरच्या एका क्लिनिकमध्ये नंबर लागत नव्हता. तिथल्याच रिसेप्शनच्या मुलीने अ‍ॅपचं सांगितलं. रोज घरी सराव, आणि शनिवारी व्हिडिओ कॉलवर उर्वी मॅडम. त्या नाशिकला असतात. पहिल्याच कॉलमध्ये त्यांनी ओवीला उताणं झोपायला लावलं. "डोकं गादीच्या कडेवरून थोडं खाली सोड. आता जीभ आपोआप मागे जाते बघ. म्हण, क." ओवी म्हणाली, "त." मग त्यांनी तिला पाण्याच्या खळखळून गुळण्या करायला लावल्या, आणि गुळणी थांबवता थांबवता ओवीच्या घशातून एक 'क्' निसटला. खराखुरा. मी आणि सासूबाई एकमेकींकडे बघत राहिलो. मला वाटलं, झालं. आता फक्त सराव.

सराव म्हणजे पडद्यावर एक पोपट. चित्र यायचं, कप किंवा कान किंवा काच. ओवीने म्हणायचं, पोपट मान वाकडी करून ऐकायचा. बरोबर असलं की पंख फडफडवायचा आणि 'टिंग' वाजायचं. चुकलं की मान हलवायचा आणि 'ठुप्'. बाटलीचं बूच काढल्यासारखा आवाज, अगदी मऊ. मुलाला वाईट वाटू नये म्हणून मऊ केला असावा. खाली गुणांची एक रेघ वर-खाली व्हायची.

आमचं घर परळच्या चाळीत, एक खोली, वर पोटमाळा, समोर सगळ्यांची मिळून गॅलरी. अ‍ॅप दर दोन शब्दांनी सांगायचं, आजूबाजूला खूप आवाज आहे, शांत जागी जा. कुठे जाऊ? आईकडे नायगावला, तिथे आमच्यापेक्षा जास्त कलकल. इअरफोन लावून बघितले, ते ओवीच्या कानात बसायचे नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला पोपट काय म्हणतो ते ऐकायचंच होतं. फोन स्पीकरवरच राहिला.

म्हणून मजला गप्प बसायचा. संध्याकाळी सहाच्या सुमारास मी दारात येऊन हात वर केला की एकेक आवाज विझत जायचा. कोपऱ्यातल्या गणपतआजोबांचा रेडिओ, पलीकडच्या दोन घरांतल्या सिरियली. वासंतीकाकू डाळीचा कुकर लावायच्याच नाहीत. "शिट्टी व्हायची मध्येच, उगीच पोरीचा मार्क जायचा." गॅलरीतली मुलं क्रिकेट थांबवून जिन्यावर जाऊन बसायची, वासंतीकाकूंची नात जुई सगळ्यांच्या तोंडावर बोट ठेवत फिरायची. कुणी पाणी भरायला निघालं तरी चप्पल हातात घेऊन जायचं. मी कॉलेज शिकले, दोन वर्षं नोकरी केली, पण माणसं दुसऱ्याच्या मुलासाठी अशी गप्प बसलेली मी कुठे पाहिली नव्हती. मला भरून यायचं.

त्या शांततेत ओवी म्हणायची, "तप."

ठुप्.

"तान."

ठुप्.

"ओवी, जीभ मागे. मागे घे, बाळा. क्."

"त्... तान."

ठुप्.

काही दिवसांनी रेघ वर जायला लागली. आधी थोडी, मग चांगलीच. आणि घरातल्या बोलण्यातही चुका कमी झाल्या. मी तिच्या प्रत्येक वाक्यावर कान ठेवून असायचे. ती शाळेतून आल्यापासून झोपेपर्यंत किती वेळा 'त' घसरला, हे मला न मोजता कळायचं. एका संध्याकाळी माझा नवरा अजित ड्युटीवरून आला, तर मी त्याचे बूटही काढू दिले नाहीत.

"आज एकही चूक नाही. दिवसभरात एकही नाही!"

"अरे वा! काय काय बोलली?"

मी आठवायला लागले. पाणी दे. मला ते दे. नाही. हो. झोप येते. ते हिरवं दे. हिरवं म्हणजे काकडी. अजित बूट काढत माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हटलं, "असंच, नेहमीचं."

कळायला हवं होतं तेव्हाच, एकाही शब्दात क नव्हता की ग. पण रेघ वर जात होती ना.

रविवारी सकाळी खालच्या विहारात वंदना असते. मुलं पुढे बसतात, मोठी माणसं मागे. ओवी पहिल्यापासून सगळ्यात मोठ्याने म्हणणारी. "बुद्धं सरणं दच्छामि" असं खणखणीत, हात जोडून, डोळे घट्ट मिटून. तिथे तिला कुणी कधी हसलं नाही, सगळ्यांच्या आवाजात तो 'द' विरघळून जायचा. त्या रविवारी मी कडेला भिंतीशी बसले होते, मला तिचा चेहरा बाजूने दिसत होता. ओठ हलत होते. पण काहीतरी कमी होतं. मी गुडघ्यांवर पुढे सरकले, तिच्या फ्रॉकचा बंद सुटलाय असं दाखवून तिच्या अगदी कानाशी गेले. ओठ हलत होते, गळ्याची शीर हलत नव्हती. सगळी मुलं म्हणत होती, आणि माझी मुलगी आवाजाशिवाय तोंड हलवत होती. तिने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि ओठही थांबवले.

घरी येऊन मी विचारलं, "घसा दुखतोय का?" तिने मान हलवली. नाही.

"मग विहारात म्हणत का नव्हतीस?"

तिने खांदे उडवले.

"ओवी, मी विचारतेय. बोल ना."

सासूबाई म्हणाल्या, "गो बाय, तिला जरा श्वास तर घेऊ दे."

सोमवारी शाळेतून बाईंचा फोन आला. हजेरीला ओवी फक्त हात वर करते, आवाज देत नाही, घरी काही झालंय का? मी म्हटलं, नाही हो, थेरपी चालू आहे, खूप सुधारणा आहे.

त्याच संध्याकाळी मी दूध आणायला खाली निघाले होते. जिन्याच्या वळणावर मुलांचा आवाज आला म्हणून थबकले. जुई मध्ये बसली होती, मान वाकडी करून. बाकीची मुलं एकेक येऊन तिला शब्द सांगत होती.

"कबुतर!"

"टिंग!" जुईने हातांचे पंख केले.

"कम्प्युटर!"

"टिंग!"

"तंप्युटर!" एक मुलगा मुद्दाम म्हणाला, आणि सगळी एका सुरात ओरडली, "ठुऽऽप्!"

हुबेहूब. तसाच मऊ आवाज, सगळ्यांच्या गालांतून एकदम. कुणी कुणाला शिकवला नव्हता. रोज सहा वाजता, मी मागून घेतलेल्या शांततेत, तो आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला होता.

ओवी खालच्या पायरीवर बसली होती. खेळात होती की नव्हती, कळत नव्हतं. जुई तिला म्हणाली, "ओवी, तुझा टर्न. चल ना, बोल ना काहीतरी." जुईच्या डोळ्यांत काही खोडी नव्हती, हे मला आत्ता कळतं. तेव्हा मला फक्त ओवीचं तोंड दिसत होतं. तिने ते उघडलं, जुईचे ओठ 'ठु'साठी आधीच चंबू झालेले बघितले, आणि मिटलं.

मी जुईचा दंड धरला. ओढतच वर नेलं तिला, वासंतीकाकूंच्या दारात.

"बघा तुमची नात काय करते ते! माझ्या मुलीची नक्कल करते सगळ्या पोरांना घेऊन!"

"हात सोड आधी तिचा," वासंतीकाकू म्हणाल्या. जुई रडायला लागली होती. "नक्कल तुझ्या पोरीची नाय करत ती, तुझ्या त्या पोपटाची करते. स्पीकरवर कोण लावतं? रोज दिवेलागणीला ठुप ठुप ठुप. माझ्या पोरीला काय स्वप्न पडलं?"

"तुम्हाला ऐकायला कुणी सांगितलं होतं?"

"गप बसायला तूच सांगितलंस ना! गप बसल्यावर माणूस दुसरं काय करणार? ऐकणारच. डाळ शिजवायची थांबलो आम्ही तुझ्यासाठी, माया. हे बरं केलंस."

आणि त्यांनी दार लावून घेतलं. भर संध्याकाळी.

त्यानंतर ओवी बोललीच नाही. कमी नाही, अजिबात नाही. मान हलवायची, बोट दाखवायची, माझी ओढणी ओढायची. मी काय काय नाही केलं! लाडीगोडी, धाक, तिला आवडते ती शेवयांची खीर. वाटी तिच्यासमोर धरून म्हटलं, "काय हवं सांग, लगेच देते." तिने वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पोटमाळ्यावर निघून गेली. खीर तशीच थिजली. जेवताना तिने तोंड उघडलं की माझा श्वास अडायचा, घास आत जायचा आणि तोंड मिटायचं. एकदा तर मी तिच्यासमोर हात जोडले. "चुकीचं बोल. तातू, दाडी, तावळा, काहीही बोल. मी काही म्हणणार नाही." ती भिंतीकडे तोंड करून बसली. सासूबाईंनी मला दंडाला धरून मोरीत नेलं आणि तोंडावर पाणी मारायला लावलं.

अजितला मी विचारलं, "परत नाहीच बोलली तर?"

"असं कसं होईल?" तो म्हणाला. पण माझ्याकडे न बघता म्हणाला.

शनिवारी उर्वी मॅडमचा कॉल लागला. ओवी पडद्यासमोर बसली, ओठ आत ओढून. मॅडमनी तिला काही विचारलं नाही. हातातलं बाहुलं नाचवलं, बाय केलं आणि म्हणाल्या, "ओवी, जा तू खेळायला. मला मम्मीशी बोलायचंय." ती गेल्यावर त्यांनी विचारलं, "सरावाच्या वेळी घरात कोण कोण असतं?"

"कुणीच नाही, मॅडम. मी आणि ती. सासूबाई गॅलरीत बसतात. अगदी शांत असतं. आमचा सगळा मजला गप्प बसतो तिच्यासाठी."

"सगळा मजला?"

"हो. टीव्ही, रेडिओ, सगळं बंद. मुलंसुद्धा जिन्यावर गप्प बसतात."

त्यांनी हातातलं बाहुलं खाली ठेवलं.

"माया ताई, म्हणजे ती रोज इतक्या सगळ्या माणसांसमोर चुकत होती."

मी दाराबाहेरच्या गॅलरीकडे बघितलं.

"अ‍ॅप बंद करा," त्या म्हणाल्या. "सराव बंद. क नको, ग नको. ती काही बोलली आणि चुकीचं बोलली, तर फक्त उत्तर द्यायचं. दुरुस्त करायचं नाही, डोळ्यांनीसुद्धा नाही."

"पण ती बोलतच नाहीये! उत्तर कशाचं देऊ?"

"वाट बघावी लागेल."

"किती?"

"नाही सांगता येत. काही आठवडे असंच राहिलं तर मात्र तिला प्रत्यक्ष दाखवावं लागेल, लहान मुलांच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांना. मी नाव देईन." मग म्हणाल्या, "घर जसं आधी होतं तसं होऊ द्या."

मी अ‍ॅप काढून टाकलं. त्या संध्याकाळी सहा वाजता भाजी निवडत बसले होते आणि अचानक अंगावर काटा आला. मजला गप्प झाला होता. मी हात वर केला नव्हता, दारातही गेले नव्हते. गणपतआजोबांचा रेडिओ आपोआप बंद झाला होता, सिरियली बंद, मुलं जिन्यावर. कुणाला कुणी सांगितलंच नव्हतं की आता गरज नाही. पोटमाळ्यावर ओवी गुडघ्यांत डोकं घालून बसली होती आणि ती शांतता ऐकत होती.

आधी गणपतआजोबांकडे गेले. "आजोबा, रेडिओ लावा ना."

"काय? झाला अभ्यास?"

"अभ्यास बंद केलाय. आवाज करा. नेहमीसारखा."

"ही काय भानगड आहे?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "गप बस म्हणालीस, बसलो. आता बोंबल म्हणतेस. वयाच्या ऐंशीला काय काय करून घेणार आहेस माझ्याकडून?" पण रेडिओ लावला. मोठ्याने.

राहिलं वासंतीकाकूंचं दार. ते लावलेलंच होतं. मी कडी वाजवली. बऱ्याच वेळाने उघडलं.

"काय?"

आत गॅसवर कुकर होता. झाकण बाजूला उलटं ठेवलेलं, डाळ भिजलेली, खाली गॅस बंद. माझ्याशी भांडून, दार लावून घेऊनही त्या सहा वाजता कुकर लावत नव्हत्या.

मी काय बोलायचं ते ठरवून गेले होते, त्यातलं काहीच आठवलं नाही. "काकू, कुकर लावा," एवढंच म्हटलं आणि त्यांच्या उंबऱ्यावरच बसले. "ती बोलत नाही हो. अजिबात बोलत नाही. मी काय करू?"

त्या आत वळून म्हणाल्या, "जुई, पोरांना सांग, बॉल घेऊन या म्हणावं वर." आणि कुकरचं झाकण लावलं. "ऊठ गं. उंबऱ्यात बसू नये माणसाने. चहा घे."

असं वाटलं होतं की त्याच दिवशी काहीतरी होईल. नाही झालं. दुसऱ्या दिवशीही नाही. मजला पहिल्यासारखा नांदायला लागला, म्हणजे थोडा जास्तच. आधी जी माणसं माझ्यासाठी चप्पल हातात घेऊन चालायची, ती आता मुद्दाम बादल्या आपटायची. ओवी पोटमाळ्यावरून उतरून दारापर्यंत यायची, उंबऱ्यात बसायची, बॉल जवळ आला की पायाने ढकलायची. तोंड मिटलेलं. सोमवार आला, गेला. शाळेतून परत विचारणा झाली. उर्वी मॅडमनी पाठवलेलं डॉक्टरांचं नाव मी फोनमध्ये उघडून बघायचे, आणि बंद करायचे.

विहारात मी तिच्याजवळ बसले नाही. पाठमोरीच पाहिली. तिचे ओठ हलतायत की नाही, ते बघायला मान वळत होती, ती सासूबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून थांबवली.

काल मी सहा वाजता कपडे काढायला गॅलरीत आले. सगळं एकदम चालू होतं. रेडिओवर बातम्या, दोन टीव्हीवर दोन वेगळ्या बायका रडत होत्या, वासंतीकाकूंचा कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारत होता, मुलं आऊट की नॉट आऊटवरून भांडत होती. पलीकडच्या टोकाला, पाण्याच्या पिंपाशेजारी, ओवी आणि जुई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मधे जुईच्या खेळण्यातली भांडी मांडलेली. आणि ओवीचे ओठ हलत होते.

माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. विहारातही हलत होते ओठ. आवाज होता की नव्हता? इतक्या लांबून, इतक्या गोंगाटात, काहीच कळत नव्हतं. गळा दिसत नव्हता. चार पावलं पुढे गेले असते तर कळलं असतं. पण तिने मान वर केली असती, मला बघितलं असतं. मी दोरीवरचा सासूबाईंच्या पातळाचा पदर धरून त्याच्या आडोशाला उभी राहिले. चोरासारखी. ओठ हलत होते. थांबले. परत हलले.

जुईने भांड्यातून डोकं वर काढलं. "काय?" ती ओरडली. "मोठ्याने बोल ना! ऐकू येत नाय, आजोबांचा रेडिओ बघ किती जोरात आहे!"

जुईला ऐकू आलं नव्हतं, म्हणजे काहीतरी होतं ऐकण्यासारखं.

ओवीने जुईच्या हातातलं पातेलं हिसकावलं, मान पुढे काढली आणि ओरडून काहीतरी सांगितलं. लांबलचक. हात नाचवत. शिट्टीमध्ये, बातम्यांमध्ये मला तिचा आवाज ऐकू आला, नुसता आवाज, किंचित घोगरा, न वापरलेला. अक्षरं ऐकू आली नाहीत.

जुईचे ओठ क्षणभर चंबू झाले. मग ती म्हणाली, "नाय हां, डाळ मी करणार. तू भात कर."

गणपतआजोबांनी दारातून मला तसं उभं बघितलं, मग माझ्या नजरेच्या दिशेने बघितलं. रेडिओच्या बटणाकडे त्यांचा हात गेला.

"बारीक करू का गं?" ते हळूच म्हणाले. "काय बोलते ते ऐकू येत नसेल तुला."

"नको," मी म्हटलं. "राहू दे, आजोबा. आणखी थोडा वाढवा."